गुलाशमध्ये बुडालेला सर्व्हर

आमच्या ब्रेस्तोवेक गावच्या अग्निशमन दलाचे सगळे निरोप आमच्याच सर्व्हरवरून जात. निवृत्त पोस्टमास्तरीण रोझालियाने तो काळा डबा सहा वर्षांपूर्वी बसवला. ‘‘आपलं बोलणं परक्या कंपनीच्या गोदामात कशाला?’’ एवढंच तिचं म्हणणं. दलाच्या जत्रेदिवशी प्रमुख लुडविकने ऐंशी माणसांच्या गुलाशचं, म्हणजे मांसाच्या दाट रश्शाचं, पातेलं स्वयंपाकघरातून एकट्याने उचललं, आणि निम्मं त्या डब्यावर सांडलं.

‘‘बघ रोझी, कंपनीच्या फुकट अ‍ॅपवर असतो तर वाचलो असतो,’’ लुडविक वाढायचा डाव तिच्यावर रोखून म्हणाला. चूक त्याने डब्याच्याच नावावर मांडली. ‘‘सहा वर्षांच्या नोंदी गेल्या. जेवणानंतर मतदान. हा खेळ बंद!’’

रोझालिया सायकल काढून शेजारच्या लिपोवेकला गेली. पाईप जोडायच्या शर्यतीत लिपोवेकने आम्हाला सातदा हरवलंय, आम्ही त्यांना चारदा. आमच्या लक्षात चारच आहेत. त्यांचा डबाही तिनेच त्याच वर्षी बसवून दिला होता. दोन्ही गावांच्या सामाईक गटातला प्रत्येक निरोप दोन्ही डब्यांत साठतो, हे तिने सभेत सांगितलंही होतं; पण तेव्हा नेमके सॉसेज आले होते.

तासाभरात लिपोवेकचा प्रमुख बोगोमीर नवा डबा काखेत मारून तिच्याबरोबर हजर.

‘‘लुडविक, तुमच्या पाण्याच्या नळांच्या नोंदी, पहाऱ्याच्या पाळ्या, सगळं आमच्याकडे शाबूत आहे. तू आम्हाला लंगडी कासवं म्हणालास, तेही आहे. तारखेसकट.’’

‘‘ते तेवढं पुसून टाक ना.’’

‘‘आमचा डबा, आमची मर्जी.’’

तास-दीड तासात नोंदी परत आल्या. फक्त गावातल्या गावात चालणारी कुजबुज गेली. तिचं सुतक कुणी पाळलं नाही.

‘‘मग प्रमुखसाहेब, घ्यायचं ना मतदान?’’ रोझालियाने विचारलं.

‘‘कसलं मतदान?’’ लुडविक उसळला. ‘‘लिपोवेकवाल्यांचा स्वतःचा डबा आणि आम्ही भाडेकरू? मी जिवंत असताना?’’

‘‘अहो, तुम्हीच तर...’’

‘‘आपलाच डबा! हात वर करा रे सगळे!’’

एकतीसपैकी एकोणतीस हात वर झाले. उरलेल्या दोघांच्या हातात पाव होता.

दलाचा झेंडा ज्या काचेच्या कपाटात असतो, त्यात रोझालियाने नवा डबा स्वतः ठेवला. किल्ली गळ्यात घातली. लुडविकने किल्लीसाठी हात पुढे केला, तेव्हा तिने त्यात डाव दिला.