मुठीतली टाचणी

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमच्या लाडक्या कुत्र्याला शेजारच्या शिंप्याने विष घातलं आणि वर कानांवर हात ठेवले. आता तोच शिंपी आजारी पडून चर्चमध्ये गुडघे टेकून बसलाय. तो बरा व्हावा म्हणून एकेक जण त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतोय.

चिमीच्या बाबतीत अगदी असंच घडलं होतं. रांगेत उभ्या चिमीने मुठीत टाचणी लपवली होती. "चांगली खोल टोचते मेल्याला," ती पुटपुटली.

हात ठेवायचा तिचा नंबर आला.

"थांब पोरी," शिंपी म्हणाला. "तुझ्या कुत्र्याला मीच मारलं. देवाची क्षमा मागितली, तुझी मागायची राहिली."

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का, काका?"

शिंपी रडू लागला.

चिमीने टाचणी डाव्या मुठीत घट्ट धरली आणि रिकामा उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.