बोरजाईचा दगड

या, असे जवळ सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. एका दगडाची गोष्ट सांगतो. ऐकताना हात जोडावेसे वाटले, तर ते श्रेय माझं नाही, बोरजाई आईचं.

हडपसरच्या पलीकडे बोरजाईचा लहानसा डोंगर. पायथ्याला पाच गावं. पावसात डोंगर झिजतो, म्हणून माघी पौर्णिमेला प्रत्येक घरानं आपल्या रानातला एक दगड शिखरावर न्यायचा, अशी तिथली रीत. प्रत्येक घराची वर वेगळी ओळ. पुढे रानं विकली गेली, काचेच्या इमारतींच्या कंपन्या आल्या. रान नाही तर दगड कुठला? एकेक घर चढायचं थांबलं. त्यातल्याच गेनबा शेतकऱ्याचंही तीन वर्षं थांबलं.

मग त्याच्याच रानावरच्या कंपनीत तो माळी म्हणून लागला. त्या पौर्णिमेला त्यानं हिरवळीच्या कडेला खणून एक काळा दगड काढला, धुतला आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. गेटवर वॉचमन शंभूनं पिशवी उघडली. शंभू अमरावतीकडचा, नवाच लागलेला.

"मामा, दगड कायले नेता?"

"देवीला."

"कंपनीचा माल हाये. पास लागते."

"आरं, तुझ्या कंपनीआधी हितं माझी जवारी हुती!"

"असन. पन पास?"

गेनबा पास आणायला ऑफिसात गेला. तिथं तनयाताई बसायच्या, सदाशिव पेठेतल्या. नियम आधी, नमस्कार नंतर.

"काका, डोंगरावर दगड कमी पडलेत का?"

"आमच्या रानातला कमी पडलाय, ताई. बापानं, आज्यानं लावलेली दगडांची वळ हाय. औंदा गेलो न्हाई, तर माझ्यामागं कोन जानार?"

 तनयाताईंनी गेटपासाचं पुस्तक ओढलं.

"वस्तू?"

"दगड."

"नग?"

"एक."

"परत येणार?"

गेनबा हसला. "न्हाई. त्यो आता घरी चाललाय."

सही झाली. शंभूनं शिक्का मारला, दगड कपाळाला लावला आणि पिशवीत परत ठेवला.

उन्हं उतरताना गेनबा शिखरावर पोचला. घराच्या ओळीत त्यानं तीन दगडांची जागा मोकळी सोडली आणि पुढे हा ठेवला. पासाची घडी करून दगडाखाली सरकवली.

"चोरून आणला न्हाई, आई," एवढंच म्हणाला.

गेनबा आता नाही. कधी बोरजाई चढलात, तर ओळीतली ती मोकळी जागा भरू नका. तिथं घटकाभर बसा आणि आमच्या गेनबाची आठवण काढा.