कोरे कान

कार्यालयात स्वयंसेवकांना त्यांच्या मुदतीवरून हाक मारायची पद्धत होती. आधी एक ‘सहा आठवडे’ येऊन गेला. गुणी पोरगा, पण त्याला भाषा समजायला लागली त्याच दिवशी त्याचं परतीचं विमान होतं. मग आली ‘तीनमहिने’. पदवी नुकतीच हातात पडलेली, परदेशात जाऊन देवाची सेवा करायची हौस दांडगी, आणि आईने बांधून दिलेली औषधांची पिशवी एवढी, की गावात दवाखाना निघाला असता.

लोखंडी सामानाच्या दुकानावर दोन खोल्या. तिथे मास्तर, म्हणजे एक निवृत्त शिक्षक, बायबलचं गावच्या बोलीत भाषांतर करत. झालेलं भाषांतर अशा माणसाला वाचून दाखवायचं, ज्याने ती गोष्ट कधीच ऐकलेली नाही. त्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. तो अडखळला तर दोष भाषांतराचा. अशा माणसाला ‘कोरे कान’ म्हणत. कोरे कान शोधायचे आणि कोरेच राखायचे, हे तीनमहिनेचं काम.

आता एकच गोष्ट उरली होती. विधवेचा एकुलता एक मुलगा जातो, प्रेतयात्रा वेशीपर्यंत येते, तिथली. मुख्य कार्यालयाचा तपासनीस येऊन स्वतः ऐकणार आणि शिक्का मारणार. पण कान ज्येष्ठ हवेत, शाळेत न गेलेले हवेत, असा नियम. गावातले तसले सगळे कान मास्तरांनी दोन वर्षांत वापरून संपवले होते. उरली एक शिंपीणआजी. तीनमहिने तिच्याच घरी भाड्याने राहत होती. अकरा वर्षांपूर्वी आजीचा मुलगा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला, तेव्हापासून आजीने देवाशी बोलणं टाकलं होतं. गावात बायबल आलं ते त्यानंतर, आणि आजी प्रार्थनेला कधी गेलीच नाही. त्यामुळे कान अगदी कोरे.

“मास्तर म्हणत होता, त्यात एका बाईचा मुलगा जातो,” आजी काज करता करता म्हणाली.

“मास्तरांनी सांगितलं?” तीनमहिनेने विचारलं. “आणखी काय म्हणाले?”

“एवढंच. म्हातारा चटकन जीभ चावून बसला. पुढे काय होतं गं?”

“आजी, आत्ता नाही सांगता येत. साहेब येऊ देत.”

“त्या बाईलाही साहेब येईपर्यंत थांबवलंय का?”

साहेब काही येईनात. आधी त्यांची दाढ दुखली. मग त्यांना ‘वेळेचं नियोजन’ या विषयावर भाषण द्यायला जावं लागलं, ते दोन दिवस लांबलं. आजी रोज विचारायची, पुढे काय? तीनमहिने रोज हसून विषय बदलायची.

मग आजीला धाप लागायला लागली. आजीजवळच राहणाऱ्या विधवा सुनेने दवाखान्यात नेलं. आता फार दिवस नाहीत, डॉक्टर म्हणाले. तीनमहिनेने व्हरांड्यातून मास्तरांना फोन लावला. “वाचून दाखवू का हो?”

मास्तर म्हणाले, “पोरी, दोन वर्षं अडकलंय हे. गुरुवारी येतोच आहे तो. तीन दिवस कळ काढ.”

भाषांतराचे कागद पिशवीत होते. तिने पिशवी आजीच्या खाटेखाली सरकवली.

“पुढे काय?” आजीने विचारलं.

“गुरुवारी, आजी.”

“म्हणजे गुरुवारपर्यंत राहायचं म्हणतेस?”

“हो.”

“बरं बाई, राहते. तुझी परीक्षा आहे ना.”

आजी बुधवारी सकाळी गेली.

गुरुवारी तपासनीस ठरल्या वेळी आला. माणूस वाईट नव्हता, आजीचं ऐकून त्याचे डोळे भरून आले. डोळे पुसून त्याने विचारलं, “दुसरे कान?” मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

तीनमहिने घरी आली. सून आजीच्या रिळांचा डबा उपसून बसली होती.

“त्यांना काय ऐकायचं होतं? मला तरी ऐकव.”

सून शाळा शिकलेली, नियमात न बसणारी. तीनमहिनेने खाली बसून वाचलं. बाई रडत चालली आहे, एक परका माणूस वाटेत आडवा येतो, तिला रडू नकोस म्हणतो, खांदेकऱ्यांना थांबवतो, आणि पोरगा उठून बसतो. पान संपलं.

“प्रेतयात्रा थांबवली त्याने?” सून म्हणाली. “आमच्या वेळी कुणी नाही थांबवली.” मग म्हणाली, “सासूबाईंना हे ऐकवलं असतंस ना, तर भडकल्या असत्या. माझ्या वेळी कुठे मेला होतास, म्हणून त्या देवाशी कडाकडा भांडल्या असत्या. अकरा वर्षं तोंडातून शब्द नाही काढला गं त्याच्याशी. भांडू तरी द्यायचं होतंस.”

कोपऱ्यात गणवेशाच्या शर्टांचा ढीग तसाच पडला होता, गिऱ्हाईक शनिवारी यायचं होतं. सुनेने वरचा शर्ट ओढून मांडीवर घेतला.

“मी एक घेऊ?”

“काज येतं करता?”

“नाही.”

“मग बस नुसती.”

ती बसून राहिली.