धुतलेली गाडी

शुक्रवारी संध्याकाळी वितोल्डने गाडी धुतली, तीच त्याची चूक झाली.

थंडी अशी होती की विहिरीवरची बादली हाताला चिकटत होती. पण त्यांच्या गावात लग्नाला, बाप्तिस्म्याला आणि मयताला मळकी गाडी कोणी नेत नाही, आणि उद्या त्याला बायकोला शहरातल्या इस्पितळातून घरी आणायचं होतं. ब्रोन्यासाठी आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. डॉक्टरांनी तसं सरळच सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "मला इथे मरायचं नाही. घरी ने." इस्पितळाची गाडी सोमवारशिवाय मिळणार नव्हती आणि सोमवारपर्यंतचा भरवसा कोणी देत नव्हतं. म्हणून वितोल्डने चुलीवर पाणी तापवलं आणि जुनी गाडी छतापासून चाकांपर्यंत लख्ख केली.

सकाळी किल्ली कुलपात शिरेना. दारांच्या फटींत गेलेलं पाणी रात्रीतून दगड झालं होतं. त्याने कुलपाला तोंड लावून वाफ सोडली, तर ओठ पत्र्याला चिकटला आणि सुटताना सालटं निघालं. मग घाबरून त्याने किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. क्षणभर वाफ दिसली. पाणी कुलपाच्या पोटात उतरलं आणि तिथेच गोठलं.

शेजारची लेओकाद्या दूध काढून परतत होती. बाई विधवा, जिभेची तिखट.

"काय रे, गाडीला चहा पाजतोयस?"

"दार उघडत नाही."

"उकळतं पाणी घातलंस? एवढे हिवाळे काय झोपेत काढलेस?"

"लेओकाद्या, आज टोमणे नकोत गं. ब्रोन्याला आणायचंय."

तिने दुधाची बादली तिथेच बर्फात ठेवली. घरात जाऊन एक बाटली आणि मेणबत्ती घेऊन आली.

"माझ्या नवऱ्याने गाळलेली शेवटची बाटली. त्याच्या नरड्यात जायची राहिली, तुझ्या कुलपात जाऊ दे."

ज्योतीवर किल्ली तापवायची, कुलपात दारूचे थेंब सोडायचे, किल्ली जराशी फिरवून बघायची. जोर केला तर ती तुटणार, आणि दुसरी किल्ली नव्हती.

"हळू! गाईला पान्हा सोडायला लावतोयस असं समज."

"माझी बोटं बधिर झालीत."

"मग आण इकडे."

ऊन वर आलं तरी दारं दाद देईनात. शेवटी मागच्या डिकीचं कुलूप फिरलं. चर्चला जायचा काळा सूट घातलेला वितोल्ड डिकीतून आत घुसला आणि सीटच्या पाठीवर अडकला.

"ढकल ना!"

"ढकलतेय! बटाटे कमी खायचे होतेस." लेओकाद्या हसायला लागली आणि हसता हसता तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. पिसांची रजई त्याच्या मागोमाग आत कोंबत म्हणाली, "तिला गुंडाळून आण. आणि घाई करू नकोस, रस्ता काचेसारखा झालाय."

त्याने घाई केलीच.

इस्पितळाच्या आवारात पोहोचेपर्यंत आतल्या उबेने दार सुटलं होतं. खांद्याने रेटताच ते उघडलं. जिन्यावर सिस्टर भेटली.

"आजोबा, किती हा उशीर! पहाटेपासून तयार होऊन बसल्या होत्या हो. डोक्याला रुमालसुद्धा बांधून घेतला माझ्याकडून. मघाशी श्वास बिघडला. आता नाही नेता येणार. वाटेतच जातील."

"मी सकाळीच आलो असतो तर?"

सिस्टर हातातल्या चादरीची नीट घडी घालत राहिली.

ब्रोन्या डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून पडली होती. पायांत बाहेरचे बूट तसेच होते.

"आलास?"

"आलो."

"निघालो का आपण?"

त्याला तिला सांगायचं होतं, की मी गाडी धुतली, मीच मूर्खपणा केला.

"पोहोचलोसुद्धा," तो म्हणाला. "वाटेत तुला झोप लागली होती."

"पलंग उंच लागतोय."

"दोन गाद्या घातल्यात. एक लेओकाद्याची."

"म्हणजे हिशेबात ठेवेल ती." तिने मान उजेडाकडे वळवली. "खिडकीतून काय दिसतंय रे?"

खिडकीबाहेर विटांची चिमणी होती आणि कोळशाचा ढीग.

"आपलं नाशपातीचं झाड. बर्फ साचलाय त्याच्यावर."

ब्रोन्याने डोळे उघडले नाहीत.

"ते झाड तू मागच्या वर्षी तोडलंस, वितोल्ड."

त्याला मान वर करता येईना. तिची बोटं चादरीवरून चाचपडत आली आणि त्याच्या बाहीला धरून राहिली.

"असू दे. पुढे सांग. चूल पेटवलीस का?"

त्याने खुर्ची जवळ ओढली. चुलीत बर्चची लाकडं आहेत, म्हणाला. मांजर तुझ्या जागेवर बसलंय, उठवलं तरी उठत नाही. पडद्याची दोरी मी बांधली, पण वाकडीच झाली. फळीवर गूजबेरीच्या मुरंब्याच्या बरण्या आहेत, एक फोडू का? तो तिला एकेका खोलीतून फिरवत गेला. मग अंगण, मग गोठा.

बाहीवरची बोटं कधी सैल पडली, ते त्याने पाहिलं नाही. सिस्टर आत आली, तिने ब्रोन्याचं मनगट धरून पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजोबा, पुरे आता."

"थांब गं पोरी," वितोल्ड म्हणाला. "तळघर राहिलंय अजून."