माझी उजवी बाजू कोणती?

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे, पण कोणाच्याच तोंडातला नाही. साच्यात प्लॅस्टिक ओतून मला घडवलं, बत्तिशी बसवली, वरचा आणि खालचा भाग कानाच्या जागी दोन स्प्रिंगांनी जोडला आणि लाकडी ठोकळ्यावर उभं केलं. तेव्हापासून मी आ वासून उभा आहे. तो आ अजून मिटलेला नाही, कारण या जगातलं मला फारसं काही कळलेलंच नाही.

मला वाटलं होतं, दातांचं शिक्षण घेणाऱ्या मुलांमध्ये माझं आयुष्य जाईल. पण मी येऊन पडलो एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, नोंदींच्या खोलीत. तिथे ना रुग्ण, ना औषध. एक खिडकी, दोन संगणक, कागदांच्या थप्प्या आणि कुरकुरणारा पंखा. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला तिथे सांकेतिक क्रमांक देतात. माणूस जिन्यावरून घसरतो, हनुवटीवर आपटतो, कळवळतो. आणि आमच्या खोलीत पोहोचेपर्यंत त्याची चार अक्षरं आणि आकडे झालेले असतात. हे कसं होतं, ते मला कधीच उमगलं नाही.

जबडा लचकतो तेव्हा हाड मोडत नाही. हाडांना धरून ठेवणारे चिवट पट्टे ताणले जातात. आता हे पट्टे माझ्यात मुळीच नाहीत. तरी लचकलेल्या जबड्याचा कागद आला की मलाच पुढे ओढायचे. त्या क्रमांकातल्या एका आकड्यावर बाजू ठरते. एक म्हणजे उजवी, दोन म्हणजे डावी, तीन म्हणजे दोन्ही, आणि शून्य म्हणजे डॉक्टरांनी सांगायचे कष्टच घेतले नाहीत. शेवटी एक अक्षर असतं, उपचार चालू आहेत की त्यानंतरची देखरेख, ते सांगणारं. त्या अक्षरापाशी तर माझं डोकं, म्हणजे जेवढं मला दिलं आहे तेवढं, गरगरायला लागतं.

त्या खोलीत थोरल्या बाई होत्या. त्यांची एक पद्धत होती. कागद आला की त्या मला उचलायच्या, माझी पाठ स्वतःकडे करायच्या आणि स्वतःच्या हनुवटीखाली धरायच्या. मग आम्ही दोघं एकाच दिशेला तोंड करून भिंतीकडे बघत बसायचो. माझा गाल त्यांच्या गालाखाली. असं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला मात्र ते फार आवडायचं. त्या सगळ्यांना सांगायच्या की या जबड्यानं मला कधी चुकू दिलं नाही. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच, पण ते मी जपून ठेवलं आहे.

थोरल्या बाई निवृत्त झाल्या आणि धाकट्या बाई आल्या. हुशार, चटपटीत. जबडा हनुवटीखाली धरून बसायचं त्यांना हसू आलं असावं. त्यांनी मला समोर ठेवलं, अगदी तोंडासमोर तोंड, आणि माझ्या दोन्ही गालांवर रंगीत ठिपके चिकटवले. त्यांच्या उजव्या हाताकडे आला तो लाल ठिपका, म्हणजे उजवा. दुसरा निळा, म्हणजे डावा. मला वाटलं, चला, बरं झालं, आता तरी आपल्याला आपली बाजू कळली. मित्रांनो, मला हात नाहीत. ज्याला हात नाहीत, त्यानं उजवं-डावं ओळखायचं कशावरून?

मग एके दुपारी खिडकीशी एक काकू आल्या. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्याचं त्यांचं काम. जिन्यावर पडून त्यांचा जबडा लचकला होता. पहिल्या दिवशी तातडीच्या विभागात त्यांची नोंद डाव्या बाजूची झाली होती. पुढच्या तपासणीचा कागद काही दिवसांपूर्वी आमच्याकडे आला होता. त्यावर डॉक्टरांनी बाजू लिहिली नव्हती, छापलेल्या चेहऱ्याच्या चित्रावर नुसती फुली मारली होती. तेव्हा धाकट्या बाईंनी चित्र माझ्याशेजारी धरलं होतं. फुली लाल ठिपक्याच्या बाजूला होती. म्हणून उजवी.

झालं. रजेच्या अर्जासोबत दोन्ही नोंदी पाहून काकूंच्या कार्यालयाला वाटलं, आधी डावा दुखत होता, आता उजवा दुखतो, म्हणजे बाई सोंग करत आहेत. त्यांची रजा अडवली, आणि त्यांच्या जागी ध्वनिमुद्रित आवाज बसवायचं बोलणं सुरू झालं. काकू हे सगळं दात न उघडता सांगत होत्या.

"मी खोटं बोलत नाही हो," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायला आधी बोलता तर यायला हवं."

धाकट्या बाई गोंधळल्या. त्यांनी कागद पुन्हा पाहिला, मला पुन्हा पाहिलं. सगळं जुळत होतं. माझं तोंड नेहमीसारखं उघडं होतं, पण त्यातून शब्द कुठला निघायला? त्यांनी काकूंना विचारलं, नेमकं कुठे दुखतं? काकूंनी गालावर हात ठेवला. धाकट्या बाईंना दिसत होतं त्याप्रमाणे तो माझ्या लाल ठिपक्याच्याच बाजूला होता.

"हाच की उजवा," धाकट्या बाई म्हणाल्या.

काकूंनी तो हात वर केला. मनगटावर घड्याळ होतं. "घड्याळ मी डाव्या हातात बांधते, बाळ."

धाकट्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मला उचललं, माझी पाठ स्वतःकडे केली आणि हळूच हनुवटीखाली धरलं. किती दिवसांनी मी पुन्हा भिंतीकडे बघत होतो! लाल ठिपका त्यांच्या डाव्या गालाखाली आला होता.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या, आणि त्यांचा चेहराच पडला.

त्यांनी डॉक्टरांना गाठून बाजू पक्की केली, नोंद दुरुस्त केली आणि काकूंच्या कार्यालयाला चूक आमची आहे असं स्वतःच्या सहीनं कळवलं. मग ठिपके लावल्यापासूनचे सगळे कागद काढून बसल्या. ठिपके नखानं खरवडून काढले. त्यांचा चिकटपणा माझ्या गालांवर अजून आहे, त्यावर धूळ बसते.

पुढे काकू बऱ्या होऊन एकदा येऊन गेल्या. त्यांची जागा त्यांनाच राहिली होती. खिडकीशी उभं राहून, तोंड छान उघडून त्यांनी आमच्यासाठी एक घोषणा केली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." तो आवाज ऐकून मला गहिवरून आलं. माझ्याकडे जबडा होता, त्यांच्याकडे आवाज होता, आणि मी तो जवळजवळ घालवला होता.

मित्रांनो, माझी उजवी बाजू कोणती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. कोणाचं दुखणं समजून घ्यायचं असेल, तर समोर बसून बोट दाखवू नका. जरा उठा, वळसा घालून त्याच्या मागे या, आणि तो जिकडे बघतो आहे तिकडे बघा.