गाण्यातली नावाची जागा

गाणं शेवटाकडे आलं की गिटार धावू लागते, आणि धावता धावता एका ठिकाणी श्वासभर थांबते. त्या थांब्यात नाव टाकायचं असतं. किन्शासात याला दगड टाकणं म्हणतात. ज्यानं पाजलं, ज्यानं वाद्यं दिली, ज्याच्या छपराखाली आपण उभे आहोत, त्याचं नाव पुकारायचं. मग तो माणूस खुर्चीवरून उठतो, कंबर हलवत पुढे येतो आणि गाणाऱ्याच्या घामेजल्या कपाळावर नोट चिकटवतो.

मबिआलाचा जन्म त्या श्वासभर जागेत सरला होता. तो गायचा थोडा, पुकारायचा फार. बांदाल वस्तीत पापा देझिरेच्या बारमध्ये दर रविवारी दुपारी त्यांचा ताफा वाजवायचा, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी मबिआलाच्या गळ्यातून एकच नाव उसळायचं, 'पापा देझिरे!' गिटारी पापा देझिरेच्या, ढोल त्याचे, माइक त्याचा, अंगातले चमकते सदरेसुद्धा त्याचे. ताफा सोडून कुणी गेलाच तर रिकाम्या हातांनी जायचा. बरोबर आवाज तेवढा न्यायचा, आणि मबिआलाला कधी कधी वाटायचं, तोही इथंच ठेवून जावा लागत असेल.

गेल्या कोरड्या हंगामात ढोलवाला माकिएसे तापानं गेला. अंगात ताप घेऊन तो तीन रविवार वाजवत राहिला. उठला असता तर त्याच्या जागी दुसरा बसला असता, आणि बसलेला पुन्हा उठत नाही, हे त्याला ठाऊक होतं. सुतकाच्या मांडवात पापा देझिरे बियरचे क्रेट आणि कापडाचा तागा घेऊन आला. ताफा वाजवतच होता. शवपेटीपासून हातभर अंतरावर गिटार थांबली, आणि मबिआलाच्या तोंडून आलं, 'पापा देझिरे!' माकिएसेची आई मामां वुम्बा हिनं गुडघ्यातलं डोकं वर केलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

तेव्हापासून ती नजर मबिआलाच्या मानेवर बसली होती.

कापिंगा ताफ्यात मागून साथ गायची. गळा मधाचा, जीभ तिखट. मांडव उतरला त्याच आठवड्यात ती वादकांच्या युनियनच्या कचेरीत जाऊन आली आणि बारच्या मागच्या अंगणात सगळ्यांना गोळा करून बसली. पानात बांधलेला कसाव्याचा क्वांगा सोडत, तळलेला मासा मोडत बोलणं चाललं.

"युनियन आपल्या वतीनं बोलायला तयार आहे," ती म्हणाली. "पण मालक म्हणतो, ही माझी माणसं कामाला नाहीतच. हौसेनं येतात, माझ्या वाद्यांवर हात साफ करतात, मी त्यांना पोसतो. मी त्यांचा बाप."

"बाप!" गिटारवाला लुकोकी हसला. "मग माझ्या लग्नात मुलीकडच्यांना देज द्यायच्या वेळी हा बाप कुठं गेला होता?"

"ऐक तर. सरकारचा कामगार निरीक्षक येत्या रविवारी येणार, युनियनच्या माणसाबरोबर. इथं वेळ कोण ठरवतं, गाणी कोण ठरवतं, उशीर झाला तर हाकलतं कोण, ते बघणार. आपण कामगार ठरलो, की आपल्यातला एक निवडायचा, आणि मालकाला त्याच्यासमोर टेबलाशी बसावंच लागेल. पुन्हा कुणाला तापात ढोल वाजवायला लागू नये, एवढंच माझं मागणं आहे."

माशाचे काटे पानावर ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

"आणि याया," ती मबिआलाकडे वळली. याया म्हणजे थोरला. ताफ्यात सगळे त्याला तसंच म्हणत. "त्या दिवशी नाव नाही. एकदासुद्धा नाही. आपण बापाचा जयजयकार करतो हे निरीक्षकानं ऐकलं, की मालकाचं म्हणणं आपणच सिद्ध करून दिलं."

"त्याची जीभ बांधून ठेव, नाहीतर झोपेतही पुकारतो तो," लुकोकी म्हणाला. मग जरा गंभीर होऊन, "याया, मी ती जागाच बुजवून टाकतो. दोन सूर जास्त वाजवले की झालं. थांबायचंच नाही."

तेव्हा मबिआला हो म्हणाला असता तर! पण त्याच्या मानेवर ती नजर होती.

"नको," तो म्हणाला. "जागा राहू दे. तिथं मी माकिएसेचं नाव टाकतो."

कापिंगानं हातातलं पान खाली ठेवलं. "जमेल?"

"नावं टाकण्यातच केस पांढरे झाले, बाई. एक नाव बदलायला काय लागतं?"

आठवडाभर तो ते नाव घोळवत हिंडला. विहिरीवर, टॅक्सीच्या रांगेत, दाढी करताना. माकिएसे, माकिएसे. शनिवारी तो मामां वुम्बाकडे गेला आणि दारातूनच म्हणाला, "उद्या दुपारी या, मामां. तुमच्या पोराचं नाव सगळ्या बांदालला ऐकवणार आहे." म्हातारीनं मान हलवली. पेटीतलं चांगलं कापड काढायला ती आत वळली.

रविवारी बार भरून वाहत होता. निरीक्षक पुढच्या टेबलाशी, युनियनचा माणूस शेजारी. पापा देझिरे पांढऱ्या सदऱ्यात, मासे-बियर त्यांच्या पुढ्यात ठेवत, हसतमुख, जसा लग्नघरचा यजमान. आणि मागच्या भिंतीला टेकून मामां वुम्बा, मांडीवर हात जुळवून.

पहिली गाणी नाव न घेता पार पडली. एकेका थांब्याला मबिआला ओठ मिटून, मान खाली घालून उभा राही आणि गिटार पुढे निघून जाई. कापिंगाचा चेहरा उजळत चालला. पापा देझिरे हसतच होता, पण बोटं टेबलावर वाजवू लागला होता.

मग शेवटचं गाणं. माकिएसेला आवडायचं ते.

*नदीबाई नदीबाई, तुझं पाणी किती काळं,*
*पल्याड माझा जीव, अल्याड माझं जाळं.*

लोक उठून नाचू लागले. गिटार धावली. मबिआलानं छाती भरून घेतली, मागच्या भिंतीकडे पाहिलं. म्हातारी पुढे झुकली होती. गिटार थांबली. ती श्वासभर जागा दारासारखी उघडली, आणि मबिआलाच्या गळ्यातून, पोटातून, हाडांतून तेच उसळलं जे इतकी वर्षं तिथं उसळत आलं होतं.

"पापा देझिरे!"

त्यानं ते स्वतःच्याच कानांनी ऐकलं, जसं परक्याचं बोलणं ऐकावं. गिटार मात्र अडली नाही. लुकोकीची बोटं सवयीनं पुढे धावली. पापा देझिरे उठला. कंबर हलवत, हात पसरून आला आणि मबिआलाच्या कपाळावर नोट दाबून बसवली. मग निरीक्षकाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा साहेब! पगारी माणूस मालकाचं नाव असं घेतो का? हे लेकराचं तोंड आहे."

निरीक्षक हसला. बियर संपवली. युनियनच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला आणि दोघं उठले.

अंगणात कापिंगा त्याच्यासमोर उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"याया, जीभ घसरली की भीतीनं पाय मागे आला?"

"माहीत नाही."

"जीभ म्हणून सांग. खोटं असलं तरी चालेल."

भ्यालो होतो का, हे तो आतल्या आत शोधत होता आणि हाताला काहीच लागत नव्हतं. तेवढ्यात भिंतीचा आधार घेत घेत मामां वुम्बा आली. अंगावरचं चांगलं कापड काढून, घडी करून तिनं खांद्यावर टाकलं होतं.

"माझ्या पोराचं नाव," ती म्हणाली, "एवढं अवघड आहे का रे?"

आणि उत्तराची वाट न बघता फाटकातून निघून गेली. मबिआलाच्या कपाळावरची नोट अजून तिथंच होती. वाळली तेव्हा आपोआप गळून पडली.

त्या आठवड्यात पापा देझिरेनं कापिंगाला बोलावून सांगितलं, "पोरी, गळ्याला जरा विश्रांती दे." तिचा चमकता सदरा दुसऱ्या मुलीच्या अंगावर आला, काखेत थोडा सैल होता, तो टाचून घेतला. युनियनच्या कचेरीत तिला, 'सगळ्यांचं एकमत झालं की या,' एवढंच सांगितलं गेलं. लुकोकी गिटार लावायचा, वाजवायचा, घरी जायचा. याया म्हणायचं सोडलं त्यानं.

पुढच्या रविवारी मबिआला नाव घ्यायचं नाही असं ठरवूनच उभा राहिला. कुणासाठी, ते आता त्यालाही सांगता आलं नसतं. निरीक्षक नव्हता, मागची भिंत रिकामी होती. तेच गाणं आलं. नदीबाई नदीबाई. गिटार धावली आणि थांबली.

त्यानं दात आवळले. माइक खाली केला. कापिंगानं मागितलेली शांतता त्याच्या तोंडात आली, आणि त्यानं ती धरून ठेवली. जमलं होतं.

मग टेबलांमागून एक आवाज आला, त्याच्यामागे दुसरा. मासे तळणारी बाई, टॅक्सीवाले, भिंतीवर चढून बघणारी पोरं, सगळ्यांना गाणं तोंडपाठ होतं. त्यानंच शिकवलेलं. त्या जागेत काय येतं, ते बांदालच्या तान्ह्या मुलालाही ठाऊक होतं.

"पापा देझिरे!" सगळा बार गर्जला.

मालक उठला, कंबर हलवत त्याच्याकडे येऊ लागला. मबिआलाला घाम आलेलाच होता. नोट लगेच चिकटली.