ठमाबाईचा धवळा आणि शेठचा ढोल

तुळशीचा साखरपुडा झाला ते साल त्रेपन्न. बदलापूर गावच्या भगवंताने लेकीसाठी हरिचंद्र पाहिला होता, अंबरनाथच्या दिनानाथशेठच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा. भगवंत स्वतः त्याच बँडपुढे गॅसबत्ती धरून चालायचा.

लग्नसराई तोंडावर आली आणि शेठने त्याला बाजूला घेतलं.

"सोनिवलीचं एकही लग्न नाही यंदा आपल्याकडे. सगळे निर्वासितांच्या कॅम्पातल्या बँडकडे चाललेत. आणि तुझा जावई सारखा सोनिवलीत दिसतो. तोच गिऱ्हाईकं फोडतोय. खरं निघालं तर काढून टाकीन. तूच शोध काढ."

भगवंत घरी जाताना विचार करत राहिला. ज्याचं मीठ खातो त्यालाच बुडवणाऱ्या पोराला लेक कशी द्यायची? आणि साखरपुडा मोडला तर तुळशीला पुन्हा कोण विचारणार?

तो सोनिवलीला ठमाबाई धवलारणीकडे गेला. हळदीला, मांडवात तिने धवळे, म्हणजे देवाला बोलावणारी लग्नाची गाणी, म्हटल्याशिवाय तिथे लग्न लागत नसे. कोणाच्या दारी कोणता बँड, तिला सगळं ठाऊक.

"तुळशीचं लगीन हाय, मावशे. बँड आमच्या शेठचाच सांगू ना?"

"त्याचा? मंग मना बोलवू नको!" म्हातारी उसळली. "गेल्या साली हलदीला मी धवला धरला, नि त्या मेल्यानं ढोल असा बडवला, का नवरीचे आयशीला पन ऐकू नाय गेला. देवाला कसा जाईल? तवापासून मीच सगल्यांना सांगतंय, दुसरा बँड आना."

"मग हरिचंद्र इथं कशाला येतो?"

"तो होय? माझे पाया पडतो. 'माय, आमाला टाकू नको, मी मालकाला समजावतो,' बोलतो. समजावला काय?"

"नाय."

"तं मंग! पोर गुनी हाय, पन सशाचे कालजाचा."

भगवंताला हसूच फुटलं. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं त्याला. तसाच तो अंबरनाथला गेला.

"सापडला?" शेठने विचारलं.

"सापडला. हळदीत ढोल बडवतो तो."

"ढोल तर मी..." शेठ थांबला. हातातल्या टिपरूकडे बघत राहिला. "मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुमच्या ढोलापुढं सांगितलेलं ऐकू कसं येणार, शेठ?"

शेठ आधी लाल झाला, मग पोट धरून हसला.

तुळशीच्या मांडवात ठमाबाईने धवळा धरला तेव्हा शेठ दोन्ही हात ढोलावर टेकून गप्प बसला होता. मुंडावळ्यांआडून हरिचंद्र त्याच्याकडेच बघत होता. धवळा संपला, तेव्हा कुठे हरिचंद्राचे खांदे सैल झाले. पुढच्या सराईत सोनिवलीची लग्नं परत आली.

ठमाबाई अठ्ठावनच्या माघात वारली. दिनानाथशेठ एकोणसाठच्या श्रावणात; तोवर धवळा चालू असताना त्याने ढोलाला हात लावला नाही.